इकतालीस अध्याय

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कामाचं निमित्त सांगता येईल, पण खरं कारण आळस. आज लिहायला बसलेय ते मामाजींमुळे. घरच्या मंडळींना यातलं निम्मं माहीत आहे. तरी त्यांनी पुन्हा वाचावं, कारण फोनवर सांगताना मी माझी चूक जरा पुसट करून सांगितली होती. :)

मागच्या मार्गशीर्षात चार दिवस मोझरीला गेले होते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते: अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तिवसा तालुक्यात हे गाव येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम काढला, त्याचं नाव गुरुकुंज. तेव्हापासून गावाचं नावच गुरुकुंज मोझरी झालं. महाराजांची समाधी इथेच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, आणि दोन माणसं भेटली की 'रामराम'च्या ऐवजी 'जयगुरू' म्हणतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं इथे यायचो, तेव्हा प्रार्थनेला मांडी घालून हलायचं नाही ही आमच्यासाठी मोठी शिक्षा होती. ('शिक्षा' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

मामाजी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. पण माणूस वाचनाशिवाय राहणारा नाही. माझ्या मामेभावानं जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए घालून दिलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही बोलतं. आवाज यांत्रिक, नाकातून आल्यासारखा, पण मामाजींना त्याची सवय झाली आहे. ते त्याला 'आमचा वाचक' म्हणतात.

मी पोचले त्या दुपारी मामी तुरीच्या ओल्या शेंगा उकडत होत्या. मामाजी ओसरीवर बसलेले. मी पाया पडले, तर आशीर्वाद द्यायच्या आधीच म्हणाले,

"आली का माय तू? बरं झालं. मले एक सांग, आमचा वाचक माह्या लेखात हिंदी काहून बोलून रायला?"

मला काही कळेना. लेख कुठला ते कळलं. विदर्भातलं एक त्रैमासिक होतं, आता बंद पडलं आहे. त्यात मामाजींचा 'ग्रामगीतेतील शिक्षण' हा लेख नव्वदच्या दशकात आला होता. पुढच्याच अंकात त्याचा हिंदी अनुवाद आला, 'ग्रामगीता में शिक्षा'. या त्रैमासिकाचे जुने अंक इंटरनेटवर चढवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. शनिवार-रविवार बसून आठ महिन्यांत बरेच अंक चढवले, आणि मामाजींचा लेख अर्थातच पहिल्या काही लेखांत घेतला. मराठी लेख मराठीत आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग त्यात हिंदी कुठून येणार?

"ऐक," म्हणाले, आणि त्यांनी लावलं.

सुरुवातीची ओळ बरी गेली. मग 'ग्रामगीतेचे ४१ अध्याय' आलं आणि लॅपटॉप म्हणाला, "इकतालीस अध्याय". मामाजी माझ्याकडे मान वळवून बसले. पुढे 'ज्ञान'चं 'ग्यान' झालं. 'कृषी'चं 'क्रिषी', 'संस्कृती'चं 'संस्क्रिती'. 'मौन'चा उच्चार 'मॉन', 'पैसा'चा 'पॅसा'. मराठी वाक्यं, मराठी क्रियापदं, आणि बोलणारा मात्र कुणी उत्तरेकडचा पाहुणा, ज्याला देवनागरी वाचता येते पण मराठी कधी ऐकलेली नाही. मी हसायला लागले. मामाजी हसले नाहीत.

"एक्केचाळीस लिवलं मी. इकतालीस नाई."

तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण चूक कुठे आहे ते कळलं होतं. आणि ती माझीच होती.

वेबपानाच्या अगदी वरच्या ओळीत, वाचणाऱ्याला न दिसणारी एक खूण असते: या पानाची भाषा अमुक. मराठीची खूण 'एमआर', हिंदीची 'एचआय', इंग्रजीची 'ईएन'. (एमआर हीच दोन अक्षरं मॉरिटानिया या देशाचीही खूण आहेत. देशाची मोठ्या लिपीत लिहायची, भाषेची लहान लिपीत, असा संकेत आहे.) ही खूण वरून खाली वारशानं उतरते. वर जी भाषा लिहिली, तीच आतल्या प्रत्येक परिच्छेदाची, प्रत्येक शब्दाची, जोवर मधे कुठे वेगळं सांगितलेलं नाही तोवर. बापाचं आडनाव पोरांना न विचारता लागतं, तसं. मी सगळ्यात आधी एक हिंदी लेखाचं पान तयार केलं होतं. ते नीट जमलं, म्हणून त्याचीच नक्कल करून पुढची सगळी पानं केली. मजकूर बदलला, शीर्षक बदललं, लेखकाचं नाव बदललं. वरची ओळ तशीच राहिली. आठ महिने सगळे मराठी लेख कागदोपत्री हिंदी होते!

आणि कुणाला पत्ता लागला नाही. कसा लागणार? इंग्रजी आणि मराठीत अशी गफलत झाली असती तर लिपीवरूनच दिसली असती. मराठी आणि हिंदीची लिपी एकच. डोळ्याला फरक फार बारीक दिसतो, तोही फॉन्टमध्ये सोय असेल तरच. मराठी वळणाचा 'ल' पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा 'ल' दांडीला टेकलेला, 'श'चंही तसंच. राज्य शासनानं २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणं ठरवूनही दिली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि भाषेची खूण पाहून त्यातला योग्य तो निवडला जातो. म्हणजे माझ्या पानांवरचे 'ल' आठ महिने हिंदी वळणाचे होते आणि मी, मराठी माध्यमातली, मामाजींची भाची, ते रोज बघत होते. मला दिसलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकू आलं.

लिपीच्या या सारखेपणातून आणखी एक विनोद झाला होता. सूचीच्या पानावर 'ग्रामगीता में शिक्षा' हे शीर्षक इतर मराठी शीर्षकांच्या रांगेत होतं. माझ्या एका आतेबहिणीनं विचारलं होतं, महाराजांनी ग्रामगीतेत कसली शिक्षा सांगितली आहे गं? दंड की तुरुंग? मधला 'में' तिनं छपाईची चूक समजून सोडून दिला. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. तसंच 'संशोधन': मराठीत शोध घेणं, हिंदीत दुरुस्ती करणं. 'चेष्टा' मराठीत टिंगल, हिंदीत प्रयत्न. अक्षर न अक्षर सारखं, अर्थ भलताच. शब्दकोश उघडायचा तर कुठला उघडायचा हे आधी माहीत पाहिजे, आणि यंत्राला ते सांगणारी एवढी एकच खूण असते.

तुम्ही म्हणाल, गूगल तर मजकूर वाचून भाषा ओळखतं. ओळखतं. त्यांचं म्हणणंच आहे की पानाची भाषा ते मजकुरावरून ठरवतात, वरच्या खुणेवर विसंबत नाहीत. पण मामाजींचा वाचक गूगल नाही. तो बिचारा सांगितलं तेवढं मानतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी वरची ओळ बदलायला बसले. वाटलं, पाच मिनिटांचं काम. 'एचआय' शोधा, 'एमआर' घाला, झालं. मामाजींना ऐकवलं. एक्केचाळीस अध्याय, ज्ञान, कृषी, संस्कृती... सगळं जागेवर आलं. मामी आतून म्हणाल्या, "आता मराठी झाला वाटते तुमचा वाचक!" आणि तेवढ्यात लेखात महाराजांच्या एका हिंदी भजनाच्या दोन ओळी आल्या. त्या मराठी आवाजात इतक्या विचित्र वाजल्या की मामाजींनी कानावर हात ठेवला.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महाराज दोन्ही भाषांत लिहीत. ग्रामगीता मराठीत, ओवीबद्ध, १९५५ सालची. खंजिरीवरची भजनं मराठीतही आणि हिंदीतही. लहानपणी आम्ही दोन्ही ऐकायचो, एक संपलं की दुसरं, आणि आता भाषा बदलली असं कुणाला वाटायचंही नाही. मी मामाजींना हेच म्हटलं, की इथल्या माणसांना मराठी-हिंदीची सीमा कधी जाणवली नाही, मग मी ओळीओळीला कुंपणं घालत बसायचं का?

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाणवत नाई म्हून काय सीमा नसते का? म्हन्नाऱ्याले मालूम असते तो काय म्हनून रायला. ऐकणाऱ्याले बी. या डब्याले कोन सांगणार? तो काय मोझरीत वाढला का?"

मग मी प्रत्येक हिंदी ओळीभोवती वेगळी खूण घातली. पान मराठी, त्यात हे दोन चरण हिंदी, पुन्हा मराठी. वाचक आता त्या दोन ओळींपुरता आवाज बदलतो. संस्कृत अवतरण एकच होतं, त्याची खूण 'एसए'. त्याच्यासाठी वेगळा आवाज मामाजींच्या लॅपटॉपवर नाही, पण खूण आपली घालून ठेवली. उद्या येईल.

(तांत्रिक कामात रस असणाऱ्यांसाठी जाता जाता एक: या अंकांच्या जुन्या फायली डीटीपीच्या फॉन्टात होत्या. तिथे पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा. युनिकोडमध्ये बदलताना 'वऱ्हाड'चं सगळीकडे 'वर्हाड' झालं होतं, कारण बदलून देणारी युक्ती हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली होती आणि आपला अर्धचंद्री र तिला माहीत नव्हता. वऱ्हाडात बसून 'वर्हाड' दुरुस्त करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती. दर्‍या, सुर्‍या, वार्‍या, सगळ्यांचं तेच. असो.)

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी निघाली.

मामाजींनी विचारलं, "अन् हिंदीवाला लेख? तो लाव बरं." मी म्हटलं, तोही आहे. शोधला. पान होतं, पण मराठी लेखावरून तिकडे जायला दुवाच नव्हता. हिंदी पानावर 'मूळ मराठी लेख' असा दुवा होता, उलट बाजूनं काहीच नाही. शिवाय हिंदी पानावर लेखक म्हणून मामाजींचं नाव, आणि बस. अनुवादकाचं नाव नाही.

"त्याचं नाव नाई?" मामाजी म्हणाले.

अनुवाद केला होता त्यांच्या शाळेतल्या हिंदीच्या सरांनी. (नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही.) आम्ही मुलं त्यांना 'हिंदीचे सर' एवढंच म्हणायचो. सायकलवरून यायचे, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. छापील अंकात शीर्षकाखाली त्यांचं नाव होतं, 'अनुवाद' असं लिहून. मी चढवताना वापरलेल्या फॉर्मात 'लेखक' असा एकच रकाना होता. लेखक मामाजी. भरून टाकलं. दुसरं नाव घालायला जागा नव्हती आणि मी जागा केली नाही.

पुढचं मी मामाजींना लगेच सांगितलं नाही, रात्री सांगितलं. एका ग्रंथसूचीनं माझ्या पानांवरच्या नोंदी आपोआप उचलल्या होत्या. मी तिथे बघितलं तर मामाजींचा एकच लेख. भाषा: हिंदी. का, ते शोधायला वेळ लागला नाही. लेखक एक, वर्ष एक, नियतकालिक एक, विषय एक, आणि माझ्या कृपेनं दोन्हींची भाषाही एक. दोन नोंदी एकाच लेखाच्या समजून एक ठेवली, एक काढून टाकली. ठेवली ती मराठी लेखाची, हिंदी म्हणून. आणि सरांचा अनुवाद सूचीतून गेलाच. सूचीवाल्यांचा काही दोष नाही, मी जे सांगितलं त्यावर त्यांनी योग्य तोच निष्कर्ष काढला.

मला वाटलं मामाजी चिडतील, की माझ्या मराठी लेखाला हिंदी करून टाकलं. त्यांनी तो विषयच काढला नाही. अंधारात बाजेवर बसून होते. खूप वेळानं म्हणाले,

"माहं ठीक हाय. मी तं अजून बोलून रायलो. त्याचं कोन बोलणार?"

सर जाऊन बारा वर्षं झाली. मामाजींनी मग सांगितलं, अनुवाद करताना सर रोज शाळा सुटल्यावर घरी यायचे. 'गावकरी' या शब्दाला हिंदीत काय म्हणायचं यावर दोघांचं दोन दिवस भांडण चाललं होतं. 'ग्रामवासी' म्हटलं तर फार गुळगुळीत, 'गाँववाले' म्हटलं तर परके. काय ठरलं ते मामाजींना आठवत नव्हतं. मी लॅपटॉपवर बघून सांगितलं: सरांनी तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द वापरले होते. मामाजी एकदम खूष झाले. "म्हंजे हारला नाई तो!"

रात्री झोप येईना, तेव्हा मला 'दर्पण' आठवलं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला सुरू केलेलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. त्यात एका पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी, एकात इंग्रजी. तोच मजकूर शेजारी शेजारी. कुठला कुठल्याचा जोडीदार हे सांगायला वेगळी खूण नको, बाजूला नजर टाकली की झालं. जोडी तुटणं शक्यच नव्हतं, कागद फाडावा लागला असता. आमच्या त्रैमासिकात दोन भाषा दोन अंकांत गेल्या, तरी छापील पानावर 'मागील अंकातील लेखाचा अनुवाद' अशी ओळ होती. इंटरनेटवर आल्यावर प्रत्येक पान सुटं झालं. आता जोडी राखायची तर ती कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे, दोन्हीकडे.

दोन्हीकडे, हे महत्त्वाचं. पानाच्या माथ्यावर आणखी एक न दिसणारी नोंद करता येते: याच मजकुराचं हिंदी रूप अमुक पत्त्यावर आहे. दुव्याच्या पलीकडची भाषा सांगणाऱ्या या खुणेला 'एचरेफलँग' म्हणतात. गूगलनं २०११ च्या डिसेंबरात अनुवादांच्या जोड्या ओळखायला ती वापरायला सुरुवात केली, आणि त्यांची एक अट मला फार आवडते. मराठी पानानं हिंदीला आपलं म्हटलं आणि हिंदी पानानं उलट मराठीला आपलं म्हटलं नाही, तर ते नातं धरतच नाहीत. सोयरीक दोन्ही घरांनी सांगितली पाहिजे. माझ्या पानांत एकाच घरानं सांगितलेली होती.

पण या नोंदीत एक उणीव आहे. ही दोन भावंडं आहेत एवढंच ती सांगते, आई कोण ते नाही सांगत. मूळ कुठलं आणि अनुवाद कुठला, हे तिच्यातून कळत नाही. दुकानाच्या पानाला ते पुरतं. शोधनिबंधाला कसं पुरेल? कुणी त्यातलं वाक्य उद्धृत करणार, तर ते वाक्य मामाजींचं की सरांनी केलेलं, हे कळायला नको? त्यासाठी वेगळ्या नोंदी आहेत. स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहात 'हे अमुक कृतीचं भाषांतर' आणि 'या कृतीचं भाषांतर अमुक' अशा दोन बाजूंच्या दोन नोंदी आहेत. लेखांना कायमचे क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफकडेही तशाच दोन आहेत. तिथे अनुवादाला स्वतःचा वेगळा क्रमांक घ्यायचा असतो, मूळ लेखाचा उसना चालत नाही. आणि नियतकालिकांचे लेख साठवायची जॅट्स नावाची जी पद्धत आहे (२०१२ पासून ते अमेरिकेतलं अधिकृत मानक आहे), तीत दोन वाटा आहेत. एक, अनुवाद मूळ लेखाच्या पोटातच उपलेख म्हणून ठेवायचा, त्याच्यावर त्याची भाषा लिहून. दुसरी, अनुवाद स्वतंत्र लेख म्हणून ठेवायचा आणि दोघांना नात्यानं बांधायचं.

पहिली वाट सोपी. एक फाइल, एक पत्ता, जोडी तुटायची भीती नाही, थोडंफार 'दर्पण'सारखंच. मी तीच घेणार होते. सकाळी चहा पिताना मामाजींना दोन्ही समजावून सांगितल्या. त्यांनी विचारलं, पोटात ठेवला तर सूचीत त्याची नोंद वेगळी लागते का? मी म्हटलं, सूची करणाऱ्यावर आहे. बहुतेक नाहीच लागणार.

"मंग वेगळा ठेव. त्याले त्याचं घर दे."

तसंच केलं. हिंदी लेख स्वतंत्र, त्याची भाषा हिंदी, लेखक मामाजी, अनुवादक सर. अनुवादकासाठी योगदानाचा वेगळा प्रकार या पद्धतीत आधीपासून आहे, माझ्या फॉर्मात नव्हता एवढंच. मराठी लेखातून हिंदीकडे नातं, हिंदीतून मराठीकडे नातं. मराठी लेखाच्या नोंदीत हिंदी शीर्षकही घातलं, भाषांतरित शीर्षक म्हणून, त्याच्यावर हिंदीची खूण लावून, म्हणजे यापुढे कुणाला महाराजांनी दंड सांगितला असं वाटायला नको. दुव्याचे शब्द हिंदीतच ठेवले, 'हिन्दी में पढ़ें', कारण ज्याला हिंदी हवंय त्याला ते त्याच्या भाषेत दिसलं पाहिजे. त्या तीन शब्दांवरही हिंदीची खूण. पलीकडचं पान हिंदी असणं वेगळं आणि दुव्याचे शब्द हिंदी असणं वेगळं, दोन्ही सांगावं लागतं. वाचायला कंटाळवाणं वाटेल, करायलाही होतं. एका लेखाला सव्वा तास लागला, आणि असे जोडीचे लेख अजून एकोणीस आहेत.

एक पेच मात्र राहिला होता, आणि तो माझ्या कुठल्या पुस्तकात सुटला नसता. मामाजींच्या लेखात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं आहे, चार वाक्यं, अस्सल वऱ्हाडीत. त्यावर खूण कुठली? मी जगातल्या भाषांची यादी काढली. त्यात वऱ्हाडी-नागपुरीला मराठीहून वेगळी, तीन अक्षरांची स्वतंत्र खूण आहे: 'व्हीएएच'. मी आनंदानं मामाजींना सांगितलं, तुमच्या बोलीला जगाच्या यादीत जागा आहे!

"मराठीच्या भाईर?"

मी म्हटलं, यादीत तरी वेगळी भाषा म्हणून आहे.

"चाळीस वर्सं मी पोरायले मराठी शिकवली. घरी असंच बोललो. मंग मी काय परक्या भाषेत जेवत होतो का?"

मामी म्हणाल्या, "जेवताना तुम्ही बोलता कुठं?"

थट्टा सोडा, पण प्रश्न खरा होता. 'व्हीएएच' लिहिलं तर यंत्रापुरती वऱ्हाडी मराठीपासून तुटते. त्या नावाचा आवाज कुणाकडे नाही, मग वाचक काय करेल याचा भरवसा नाही. नुसतं 'एमआर' लिहिलं तर वऱ्हाडीचं वेगळेपण कुठेच राहत नाही, आणि उद्या कुणी बोलींचा अभ्यास करायला ही पानं चाळली तर ही चार वाक्यं त्याला सापडणार नाहीत. तिसरा मार्ग मला दुपारी सुचला. भाषेच्या खुणेला पुढे शेपूट जोडता येतं. आधी 'एमआर', मग खासगी वापराची खूण असलेलं 'एक्स', मग आपण ठरवलेलं 'वऱ्हाडी', रोमन अक्षरांत. ज्याला शेपूट कळत नाही तो मागून एकेक तुकडा सोडत जातो आणि 'एमआर'वर येऊन थांबतो. म्हणजे न कळणाऱ्यासाठी मराठी, कळणाऱ्यासाठी वऱ्हाडी. हे मी मामाजींना सांगितलं तर म्हणाले, "हे बरं हाय. घर मराठी, खोली वऱ्हाडी." मला माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या आजवर कुणी दिली नव्हती. भाषातज्ज्ञांना हे पटेल की नाही ठाऊक नाही. या पानांपुरता निर्णय लेखकानं घेतला आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी निघायच्या आधी सगळं एकदा लावून बघितलं. सूचीवाल्यांना दुरुस्तीचं पत्र सकाळीच पाठवलं होतं. (त्यांचं उत्तर मला पुण्यात आल्यावर मिळालं. दोन्ही नोंदी आता वेगळ्या दिसतात.) मामाजी कानाजवळ हात धरून ऐकत होते. मराठी लेख पूर्ण झाला. एक्केचाळीस अध्याय एक्केचाळीसच राहिले. म्हाताऱ्या शेतकऱ्याची चार वाक्यं वाचकानं पुस्तकी मराठीच्या चालीत वाचली. मामाजी म्हणाले, चालते, शयरातून आलेला दिसते. मग 'हिन्दी में पढ़ें' आलं, आवाज बदलला. त्यांनी स्वतः कळ दाबली.

हिंदी पान उघडलं. शीर्षक. लेखक म्हणून त्यांचं नाव. आणि मग 'अनुवादक', आणि सरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, हिंदी उच्चारात, जसं सर स्वतः सांगायचे.

"थांब," मामाजी म्हणाले. "जरा मांगं घे."

मी मागे घेतलं. त्यांनी तीन वेळा ते नाव ऐकलं. मग बाहेर प्रार्थनेची वेळ झाली, मामींनी त्यांची काठी आणून दिली, आणि माझी बस होती.